डाग जिथे पडतो, गळती तिथेच असते का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नाशिकच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं जमेना, म्हणून २००९ साली वडिलांनी मुद्दाम ऑटोमॅटिक गाडी घेतली. आता वडील ७९ वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपासून गाडी चालवत नाहीत. ताई दोन-तीन आठवड्यांतून एकदा त्यांना दवाखान्यात नेण्यापुरती ती बाहेर काढतात. दिवाळीनंतर पार्किंगमध्ये गाडीखाली ताटाएवढा लालसर, तेलकट डाग दिसू लागला. चालवताना काहीच त्रास नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने अडीच महिन्यांत तीन वेळा अर्धा-अर्धा लीटर तेल घातलं, पण त्यानंतर डाग वाढलाच. दुसऱ्या, मोठ्या गॅरेजने गाडी वर न उचलताच ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ६५ हजार’ असं सांगितलं. यजमान म्हणतात, खालून धुऊन घे आणि विकून टाक. परदेशातला भाऊ म्हणतो, गळती थांबवणारी बाटली मिळते, ती ओत. सोसायटीने डागाबद्दल लेखी नोटीस दिली आहे. पुढच्या महिन्यात वडिलांना डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायचं आहे. ‘गिअरबॉक्स गेला हे मला कळलंय. आता खर्च करू की विकू, एवढंच सांगा. बाबांना मी अजून काही बोललेले नाही,’ असं त्या लिहितात.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात डागाचा रंग आहे, ६५ हजारांचा आकडा आहे, नोटीस आहे, घरातल्या दोघांचे सल्ले आहेत. फक्त तेल नेमकं कुठून गळतंय, हे पत्रात कुठेच नाही. ते तुमच्याकडून लिहायचं राहिलं असं मला वाटत नाही. ते कुणी शोधलेलंच नाही. एकाने तेल ओतलं, दुसऱ्याने आकडा सांगितला, पण गाडीखाली दिवा धरून कुणी पाहिलं नाही.

म्हणून खर्च करू की विकू, याचं उत्तर मी आज देणार नाही. तो प्रश्न आणखी दोन आठवड्यांनी विचारायचा आहे. त्याआधी ‘गिअरबॉक्स गेला’ हे तुमचं वाक्य जरा बाजूला ठेवू. गिअर वेळेवर पडतात, रिव्हर्सला गाडी लगेच मागे सरकते, चढावर इंजिन नुसतं ओरडत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आतले गिअर आणि क्लचच्या प्लेटा आपलं काम नीट करताहेत. गळतंय ते बाहेरचं काहीतरी असणार: एखादं रबरी सील, एखादं पॅकिंग, एखादा होज पाइप. सोळा वर्षांत रबर उष्णतेने कडक होतंच. गिअरबॉक्स खराब होणं आणि गिअरबॉक्समधून तेल गळणं हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्याकडे फार दिवस दुर्लक्ष केलं तर पहिला होतो, एवढंच त्यांचं नातं.

तुमच्या पत्रातला एक हिशेब मला स्वस्थ बसू देईना. साधारण वीस थेंब तेल म्हणजे एक मिलीलीटर. रात्रीत दहा थेंब पडले तर महिन्याला पंधरा मिलीलीटर होतात, वर्षाचे दोनशेसुद्धा भरत नाहीत. तुमच्या गाडीत अडीच महिन्यांत दीड लीटर तेल घातलं गेलं. दीड लीटर तेल फरशीवर पडलं असतं तर ताटाएवढा डाग पडून भागलं नसतं, शेजारच्या स्कूटरपर्यंत ओघळ गेला असता. मग ते तेल गेलं कुठे?

मला तीन शक्यता दिसतात. पहिली, ते मुळात कमी झालंच नव्हतं. गॅरेजवाल्याने डाग पाहिला आणि तेलाची पातळी दाखवणारी पट्टी न बघता अंदाजाने ओतलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल जास्त झालं की फिरणारे भाग ते घुसळतात, त्याचा फेस होतो आणि गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा जायला जे छोटं भोक असतं, त्यातून ते बाहेर फेकलं जातं. तिथून ओघळून खाली येतं आणि सगळीकडून गळतंय असं वाटतं. तेल घातल्यावर डाग वाढला, हे तुमचं निरीक्षण याच्याशी जुळतं. दुसरी शक्यता, गाडी चालू असतानाच तेल जातंय. गिअरबॉक्सचं तेल थंड करण्यासाठी पाइपांतून रेडिएटरकडे नेतात. इंजिन चालू असताना त्या पाइपांत दाब असतो, इंजिन बंद केलं की तो उतरतो. अशी गळती रस्त्यावर सांडते आणि पार्किंगमध्ये थोडीच दिसते. तिसरी शक्यता वाईट आहे, पण तपासायला सगळ्यात सोपी: बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्याच टाकीत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर बसवलेला असतो. तो आतून फुटला तर तेल कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, मिसळतं आणि बाहेर थेंबही पडत नाही.

म्हणून पहिलं काम उद्या सकाळीच करा. गाडी रात्रभर थंड झालेली असताना बॉनेट उघडा आणि कूलंटची टाकी बघा. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं, जे असेल ते, पण पारदर्शक दिसलं पाहिजे. त्यावर तेलाचा तवंग असेल किंवा ते स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दाट गुलाबी झालं असेल, तर गाडी चालूच करू नका. टो करून न्या. कारण मग कूलंटचं पाणी गिअरबॉक्समध्येही आलेलं असतं, आणि क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो गोंद या पाण्याने सुटतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहितो. कूलंट स्वच्छ असेल तर एक मोठी काळजी मिटली.

आता डागाकडे येऊ. गाडीखालचं प्रत्येक लाल तेल गिअरबॉक्सचं नसतं. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. वर्कशॉपमध्ये असताना अशीच लाल ठिबकणारी एक गाडी माझ्याकडे आली. गिअरबॉक्सची खालची बाजू पूर्ण ओली होती. मी एक्सलचं सील बदलून दिलं. आठवड्याने गाडी परत आली, तशीच ओली. तेव्हा सगळं धुऊन, वरपासून दिवा लावून पाहिलं. पॉवर स्टेअरिंगच्या परतीच्या होज पाइपची क्लिप सैल होती. तिथून तेल ओघळून गिअरबॉक्सवर यायचं आणि गिअरबॉक्सच्या सर्वांत खालच्या टोकावरून ठिबकायचं. पुष्कळ जुन्या गाड्यांत स्टेअरिंगलाही तेच लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, घालतात. सीलचे पैसे मी परत केले, पण त्या माणसाचे गाडीविना गेलेले चार दिवस मला परत देता आले नाहीत. तुमच्या बॉनेटखाली स्टेअरिंग ऑइलचा छोटा डबा आहे का बघा. असेल तर त्याची पातळी पेनाने डब्यावर आखून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. डबाच नसेल तर स्टेअरिंग विजेवर चालतं, आणि हा संशय तिथेच संपला.

डाग कशाचा हे ओळखायला पांढरा टिश्यू पेपर पुरतो. एसीचं पाणी टिश्यूवर पसरतं आणि वाळून जातं. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं असतं. कूलंटला गोडसर वास येतो आणि ते बोटांना चिकट लागतं. ब्रेक ऑइल पिवळसर असतं. ते एखाद्या चाकाजवळ दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी ब्रेक दाखवा. एटीएफ पातळ आणि लाल असतं, जुनं झालं की विटकरी, मग तपकिरी होतं. जळका वास आला तर तेल बदलायची वेळ केव्हाच होऊन गेली. ज्यांच्याकडे सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे त्यांनी रंगावर फार विसंबू नये, त्या तेलांचे रंग वेगवेगळे असतात. आणि ज्यांची गाडी साध्या गिअरची आहे त्यांना लाल तेल दिसलंच तर गिअरबॉक्सच्या आधी स्टेअरिंगकडे बघावं, कारण त्या गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा घट्ट, गंधकासारख्या वासाचं गिअर ऑइल असतं.

यानंतर पुठ्ठ्याचं काम. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा उघडून गाडीच्या पुढच्या भागाखाली सरकवा. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा त्यावर मार्करने आखा आणि पुढे कुठे, मागे कुठे हे लिहून ठेवा. ही खूण न करता काढलेला पुठ्ठा नंतर उलटसुलट धरला जातो आणि त्याचा काही उपयोग राहत नाही. दोन पुठ्ठे करा. एक रात्रभर उभ्या गाडीखाली ठेवा. दुसरा वीस मिनिटं फिरवून आणल्यावर, इंजिन चालू, गिअर पीमध्ये (पार्क) आणि हँडब्रेक ओढलेला, अशा स्थितीत दहा मिनिटं ठेवा. हे उघड्यावर करा, बंदिस्त पार्किंगमध्ये नको. उभ्या गाडीचे थेंब जास्त की चालू गाडीचे, यावरून निम्मा शोध लागतो. चालू असताना थेंब वाढत असतील तर दाबाखालचे पाइप आणि त्यांचे जोड आधी बघायचे.

उभ्या गाडीचे थेंब जास्त असतील तर मला आणखी एक संशय आहे, आणि तो तुमच्या गाडीच्या दिनक्रमाशी जोडलेला आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा गोल, बंद डबा असतो. तो तेलाने भरलेला असतो. गाडी दोन-तीन आठवडे हललीच नाही तर त्यातलं बरंचसं तेल हळूहळू खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात, उतरतं. चेंबरमधली पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि एरवी तेलाच्या वर असणारे जोड बुडतात, विशेषतः गिअर लिव्हरची केबल ज्या दांड्याला जोडलेली असते त्या दांड्याचं सील. ते कडक झालेलं असेल तर तिथून तेल पाझरायला लागतं. रोज चालणाऱ्या गाडीत हेच सील आणखी दोन वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. बाबा रोज गाडी काढत होते तोवर डाग नव्हता आणि गाडी उभी राहायला लागल्यावर तो आला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आजारी नातेवाइकांच्या, परदेशी गेलेल्या मुलांच्या गाड्या पार्किंगमध्ये महिनोन्महिने झाकून ठेवणाऱ्या सगळ्यांनीच हे लक्षात ठेवावं.

थेंब जिथे पडतो, त्याच्या बरोबर वर गळती असेल असं धरून चालू नका. तेल उतारावरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यात इंजिनखाली प्लास्टिकचं कव्हर असलं तर ते तेल साठवून भलत्याच भोकातून सोडतं. म्हणून शोध खालून वर आणि मागून पुढे घ्यायचा. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका सापडला की मूळ त्याच्या आसपासच असतं.

पण सोळा वर्षांच्या तेलकट धुळीत नवा ठिपका दिसणार कसा? इथे गॅरेजची गरज लागते, आणि इथेच तुम्ही वेगळ्या शब्दांत बोलायला हवं. ‘गिअरबॉक्स गळतोय, किती खर्च येईल?’ असं विचारलंत तर समोरचा सर्वांत मोठ्या कामाचा आकडा सांगणार. त्याच्या बाजूने तो सुरक्षित असतो. त्याऐवजी म्हणा: ‘आज मला दुरुस्ती नको. खालचं कव्हर काढा, डिग्रीझरने सगळं धुवा, सुकवा, गाडी वीस मिनिटं फिरवा आणि लिफ्टवर घेऊन गळती कुठून सुरू होते ते मला दाखवा. शोधण्याचे जे पैसे होतील ते मी वेगळे देते.’ शोधण्याचे पैसे द्यायला आपल्याकडे लोक कचरतात. नुसतं बघायचे कसले पैसे, असं वाटतं. मेकॅनिकचा अर्धा दिवस त्यात जातो हो. ते पैसे मिळाले नाहीत तर तो अंदाजावर काम करतो आणि अंदाज चुकला की भुर्दंड आपल्याला बसतो. अंबड-सातपूर भागात लिफ्ट असलेली गॅरेजेस शोधून सापडतील. आधी फोन करून ऑटोमॅटिकचं काम करतात का, हे मात्र विचारा.

धुऊनही नेमकी जागा दिसली नाही तर दोन युक्त्या आहेत. सुकलेल्या भागावर साधी टाल्कम पावडर शिंपडायची. गाडी फिरवून आणली की पांढऱ्यावर लाल ओघळ स्पष्ट उमटतो. हे स्वस्त आहे आणि मला फार आवडतं. दुसरी युक्ती म्हणजे तेलात चालणारा चमकणारा रंग थोडासा घालून यूव्ही टॉर्चने बघणं. ज्या गॅरेजमध्ये एसीची गळती शोधतात तिथे हा टॉर्च असतो. धुताना प्रेशरचा फवारा वायरिंगच्या सॉकेटांवर मारू देऊ नका.

तुम्ही स्वतः मात्र गाडीखाली शिरू नका. पुठ्ठा सरकवायला आणि मोबाइलचा कॅमेरा खाली धरून फोटो काढायला वाकावंही फारसं लागत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, जायचं नाही. जॅक चाक बदलायला असतो. तुमच्या गॅरेजवाल्याने खाली स्टँड न लावता अंग सरकवलं तर त्यालाही थांबवा.

लिफ्टवर गाडी गेली की तुम्ही खाली उभ्या राहा आणि बघा. चेंबरच्या कडेने सगळीकडे ओलं असेल तर पॅकिंग गेलंय किंवा बोल्ट सैल झालेत. ड्रेन बोल्टाच्या टोकाला थेंब असेल तर बहुधा नुसतं वायसर बदलावं लागेल. तेल बदलताना जुनंच वायसर परत लावण्याची सवय फार ठिकाणी आहे. चेंबरला खालून ठोकर बसून पोचा आला आहे का, तेही बघा. आपल्या स्पीडब्रेकरांवर ते सहज होतं. चाकाकडे जाणारा एक्सल गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतो तिथे ओलं असेल तर एक्सलचं सील. त्यासाठी एक्सल काढावा लागतो, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. रबरी पाइपांच्या टोकांना ओल असेल तर पाइप आणि क्लिपा. स्पीड सेन्सरचं किंवा पट्टीच्या नळीचं छोटं रबरी रिंगण असेल तर काम तासाभराचं.

आणि इंजिन नि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या तळातून तेल येत असेल, तर मात्र मोठ्या गॅरेजचं म्हणणं खरं ठरू शकतं. तिथे टॉर्क कन्व्हर्टरच्या मागचं सील असतं आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. सील स्वतः स्वस्त असतं, पैसे मजुरीचे असतात. तेव्हाही आधी पांढऱ्या कापडावर थेंब घेऊन रंग बघा, कारण त्याच सांध्यातून इंजिनच्या मागच्या सीलचं काळपट तेलही उतरतं. गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच तर ही दोन्ही सीलं एकदमच बदलून घ्या, नाहीतर वर्षभराने तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. जुनी सीलं परत मागा.

हे सगळं होईपर्यंत एक थेंबही तेल घालू देऊ नका, जोवर पातळी नीट तपासली जात नाही. तपासण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते. बहुतेक गाड्यांत तेल गरम झाल्यावर, सपाट जागेवर, इंजिन चालू आणि गिअर पीमध्ये ठेवून पट्टी काढतात. काही जपानी गाड्यांत इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात बघायचं असतं. काहींना पट्टीच नसते, लिफ्टवर घेऊन बाजूचा बोल्ट उघडावा लागतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा, त्यात रीतही असेल आणि तेलाचं नेमकं नावही. तेलाच्या बाबतीत हट्टी राहा. ‘सगळं लाल तेल सारखंच’ हे चुकीचं आहे. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं नसेल तर गिअर झटके देऊ लागतात. आधीच्या तीन वेळी कोणतं तेल घातलं ते त्या गॅरेजवाल्याला शांतपणे विचारा. डबा दाखवता आला नाही तर गळती बंद केल्यावर तेल बदलून घेणं शहाणपणाचं.

भावाच्या बाटलीबद्दल. ती रसायनं कडक झालेलं रबर मऊ करून फुगवतात. एखाद्या सीलचा बारीक पाझर त्याने काही काळ थांबतोही. सैल क्लिप, फुटका पाइप, वाकलेला चेंबर किंवा जास्त झालेलं तेल यांवर तिचा काही उपयोग नाही, आणि जागा न शोधता ओतली तर शोध आणखी अवघड होतो. भावाला तुमची काळजी आहे म्हणून त्याने सुचवलं. त्याला पुठ्ठ्याचा फोटो पाठवा, म्हणजे तोही शोधात सामील होईल.

गॅरेजमधून आल्यावर तुमच्यापुढे नेमका प्रश्न येईल, तेव्हा आपल्या भाषेतले तीन शब्द वापरा: पाझर, ठिबक, धार. पाझर म्हणजे जागा ओलसर आहे, पण थेंब सुटत नाही. तो महिन्यातून एकदा पट्टी बघून वर्षभरही चालवून घेता येतो. ठिबक दुरुस्त करायची, पण त्यासाठी रात्रीची झोप घालवायची नाही. धार लागली, किंवा गिअर टाकल्यावर गाडी उशिराने हलायला लागली, इंजिनचा आवाज चढतो पण वेग येत नाही असं झालं, तर गाडी तिथेच थांबवायची. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. छोट्या सीलचं काम गिअरबॉक्सचं होतं ते इथे.

मुंबईच्या फेरीबद्दल माझं मत पक्कं आहे. जागा सापडून दुरुस्ती झाल्यावर, नंतर आठ दिवस पुठ्ठा कोरडा राहिल्याशिवाय ही गाडी मुंबईला नेऊ नका. कसारा घाटाने जा नाहीतर समृद्धीने, तीन-चार तास सलग चालताना गिअरबॉक्स तापतो, तेल पातळ होतं आणि घरी ठिबकणारं सील तिथे धार सोडू शकतं. घाटात ७९ वर्षांच्या वडिलांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहणं ही जोखीम घ्यायची काही गरज नाही. पंचवटी एक्स्प्रेसने जा किंवा त्या दिवसापुरती भाड्याची गाडी करा. डोळ्यांची तारीख आधीच ठरलीय म्हणून घाईने गिअरबॉक्स खोलायला संमती देऊ नका. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत अडकल्या आहेत, त्या सोडवल्यात की निम्मा ताण उतरेल.

विकण्याच्या विचारात गैर काही नाही. महिन्यातून दोनदा निघणारी गाडी ठेवायची का, हा रास्त प्रश्न आहे. त्यासाठी आरसी बघा. पंधरा वर्षांची नोंदणी २०२४ मध्ये संपली असेल. नूतनीकरण केलं असेल तर ते पाच वर्षांचं असतं, म्हणजे २०२९ पर्यंत कागद ठीक आहेत. केलं नसेल तर आधी ते मार्गी लावा. पण ‘खालून धुऊन विक’ याला माझा विरोध आहे. घेणारा कुणाचा तरी बाप असेल, कुणाची तरी मुलगी चालवणार असेल. गळती कुठे आहे, दुरुस्तीला किती लागतील हे कागदावर दाखवून तेवढे कमी घ्या. त्यातही, निदान झालेल्या गाडीला ‘गिअरबॉक्स गेलाय म्हणे’ अशा गाडीपेक्षा बरी किंमत येते.

सोसायटीच्या नोटिशीचा राग मानू नका. त्या तेलावरून दुचाकी घसरते, मुलं पडतात. आजच लाकडाचा भुसा पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी गोळा करून उरलेला डाग डिटर्जंटने घासा. ते पाणी गटारात किंवा झाडांच्या आळ्यात सोडू नका, भुशात टिपून घ्या आणि भुसा गॅरेजला द्या. गाडीखाली पत्र्याचा मोठा ट्रे ठेवा आणि सेक्रेटरींना दोन ओळी लिहून द्या की तपासणी अमुक तारखेला आहे. तारीख दिली की माणसं थांबतात.

राहता राहिले बाबा. त्यांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही लपवलंत. पण ज्या माणसाने गुडघा गेल्यावर हार न मानता स्वतःसाठी दुसरी गाडी निवडली, तो एका तेलाच्या डागाने खचेल असं तुम्ही का धरून चाललात? तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की बाबांनी पेट्रोल आणि सर्व्हिसिंगची वही आजवर सांभाळून ठेवली आहे. ताई, या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत मोलाचा कागद आहे. एटीएफ शेवटचं कधी बदललं, कुठलं घातलं, चेंबरला कधी ठोकर बसली होती का, रेडिएटर बदलला होता का, हे जगात फक्त त्यांनाच माहीत आहे. चहाच्या वेळी वही आणि पुठ्ठा दोन्ही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा.

मग मला दोन्ही पुठ्ठ्यांचे फोटो पाठवा, चाकांच्या खुणा दिसतील असे, आणि वहीतलं एटीएफ बदलल्याचं पानही.